दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती : मंद्रूप परिसरातील कृषिपंपांच्या संदर्भात एक परिभाषिक विवेचन

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात मंद्रूप हे गाव आहे. या भागातील शेतकऱ्यांच्या तोंडी उन्हाळ्याच्या दिवसांत एक वाक्य वारंवार येते : ‘पावर कमी येतीया, मोटार उचलंना.’ वाक्य साधे आहे आणि बोलणाऱ्याचा अनुभवही खरा आहे. परंतु ‘पावर’ हा जो शब्द येथे योजिला जातो, त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू कोणती, हा प्रश्न विचारला की उत्तर सरळ मिळत नाही. तारेतून येणारा दाब कमी झाला आहे, की प्रवाह कमी झाला आहे, की या दोहोंच्या गुणाकाराने मिळणारी शक्ती कमी झाली आहे? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या तीन भिन्न गोष्टी होत. बोलीत मात्र त्या एका शब्दात सामावल्या आहेत.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर व्यवहारात सापडते. ‘पावर कमी’ असे निदान एकदा झाले की त्यावरचा उपाय शब्दातूनच सुचतो : अधिक ‘पावर’ची मोटार घ्यावी. पाच अश्वशक्तीची मोटार काढून साडेसात अश्वशक्तीची बसविली जाते. वस्तुतः कमी झालेला असतो तो दाब. आणि मोठी मोटार तारेतून अधिक प्रवाह ओढून तो दाब आणखी खाली आणते. शब्दाची चूक अशा रीतीने तारेत उतरते. ती कशी उतरते हे गणिताने दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृत ‘विद्युत्’पासून प्राकृत ‘विज्जु’ आणि त्यातून मराठी ‘वीज’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ आकाशात चमकणारी वीज. खांबावरून आलेल्या विजेला ग्रामीण बोलीने मात्र वेगळे नाव दिले : ‘लाईट’. दिवा हा विजेचा पहिला दृश्य उपयोग. म्हणून दिव्याचे नाव पुरवठ्याला मिळाले. पुढे दिव्याचा संबंध सुटला. ‘लाईट आली, पाणी सोड’ या वाक्यात प्रकाशाचा लवलेशही नाही. मंद्रूपचा परिसर द्वैभाषिक आहे, घरात कन्नड आणि बाजारात मराठी हा येथला नित्याचा व्यवहार. कन्नड बोलणारा पुरवठ्याला ‘करंट’ म्हणतो. तोच शब्द मराठीत आला की त्याचा अर्थ झटक्यापुरता आकुंचित होतो : ‘तारेला हात लावू नको, करंट बसेल.’ एकाच शिवारात एकच परकी संज्ञा एका भाषेत पुरवठ्याची वाचक व्हावी आणि दुसरीत धोक्याची, हे अर्थविस्तार व अर्थसंकोच यांचे चांगले उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

‘डीपी’ हा शब्द याहूनही लक्षणीय आहे. ज्या दोन खांबांच्या सांगाड्यावर रोहित्र बसविलेले असते त्याला इंग्रजीत ‘डबल पोल’ म्हणतात. त्याची आद्याक्षरे म्हणजे डीपी. बोलीत हे नाव खांबांवरून वर चढले आणि रोहित्रालाच चिकटले. ‘डीपी जळाली’ असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा खांब शाबूत असतात. ‘रोहित्र’ हा शासकीय शब्द कागदावरच राहिला. तो वाईट नाही. पण त्याला यावयास उशीर झाला.

याच तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच. जेथे मराठीचा इतका जुना कालनिर्दिष्ट लेख उपलब्ध आहे, तेथल्या भाषेस एक नवी संकल्पना स्वतःच्या शब्दांत मांडता येऊ नये, असे मानण्याचे कारण नाही. असो.

शास्त्रीय मराठीत या संकल्पनांना शब्द आहेत, किंबहुना एकाहून अधिक आहेत. व्होल्टमध्ये मोजावयाची राशी ती विद्युत् दाब; पाठ्यपुस्तके तिला ‘विभवांतर’ म्हणतात. अँपिअरमध्ये मोजावयाचा तो विद्युत्प्रवाह, अथवा विद्युतधारा. ओहममध्ये मोजावयाचा तो रोध. वॅटमध्ये मोजावयाची ती शक्ती. यांपैकी ‘विभवांतर’ हा शब्द तर्कदृष्ट्या अधिक शुद्ध आहे, कारण तो दोन बिंदूंमधील भेद आहे हे शब्दच सांगतो. तरीही शेतकऱ्याशी बोलताना मी ‘दाब’ हाच शब्द पसंत करीन. ज्याने आयुष्यभर पाटाचे व पाइपाचे पाणी वळविले आहे, त्याला दाब म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. उंचावरील टाकी म्हणजे दाब. नळीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह. नळी लांब व अरुंद असल्याने होणारी अडवणूक म्हणजे रोध. टाकी उंच केली तर पाणी जोराने येते, नळी बारीक केली तर कमी येते. एवढ्यात ओहमचा नियम संपूर्ण सामावला आहे. ही उपमा एका ठिकाणी मात्र मोडते, आणि ते सांगणे आवश्यक आहे : फुटलेल्या नळीतून पाणी गळते, तुटलेल्या तारेच्या टोकातून वीज गळून हवेत जात नाही. तिला परतीची वाट हवी. ती वाट माणसाच्या देहातून व ओल्या जमिनीतून मिळाली की अपघात होतो.

या शब्दांचा घोळ केवळ मराठीत झाला, असे नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअर याने १८२० मध्ये ‘ताण’ आणि ‘प्रवाह’ या दोन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. तोवर युरोपातही त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. प्रवाहाचे चिन्ह म्हणून आजही जे ‘आय्’ अक्षर वापरतात ते ‘तीव्रता’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर आहे. जर्मनीत जॉर्ज ओहम या शिक्षकाने १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ज्याला आज आपण दाब म्हणतो त्यासाठी त्याने निराळीच संज्ञा योजिली होती. तिचा स्थिरविद्युतेतील विभवाशी असलेला मेळ पुढे किर्खहोफ याने घालून दिला. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही एकके १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली, आणि ‘वॅट’ हे नाव १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स याने सुचविले. म्हणजे नियम आधी आला व त्याची भाषा स्थिर होण्यास अर्धशतक लागले. ‘ताण’ ही जुनी कल्पना ‘हाय टेन्शन’ या नावात अद्याप शिल्लक आहे. मोठ्या तारांना ‘एचटी’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ‘टेन्शन’ हा शब्द मात्र मनाच्या ताणासाठी स्वतंत्रपणे उचलला आहे.

आता संबंध पाहू. दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. घरातील पाणी तापविण्याचे साधे हीटर घ्या. त्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले असते. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह ४.३५ अँपिअर येतो, आणि २३० ला ४.३५ ने भागले की रोध सुमारे ५३ ओहम. हा रोध तारेच्या लांबीजाडीवर व धातूवर अवलंबून असल्याने, दाब बदलला तरी तो जवळपास तोच राहतो. म्हणून दाब १८० व्होल्टवर उतरला तर प्रवाह ३.४ अँपिअर होईल आणि शक्ती ६१२ वॅट. दाब सुमारे पाचव्या हिश्शाने घटला, शक्ती मात्र दोन पंचमांशाने घटली. कारण रोध स्थिर असता शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. या ठिकाणी ‘पावर कमी येते’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे.

विद्यार्थी येथे एका कोड्याशी अडतात. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, असे एक सूत्र. दाबाचा वर्ग भागिले रोध, असे दुसरे. पहिल्यानुसार रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यानुसार घटते. दोन्ही सूत्रे खरी कशी? उत्तर व्याकरणातील अध्याहृत पदासारखे आहे. पहिल्या वाक्यात ‘प्रवाह तोच ठेवून’ हे शब्द गृहीत आहेत, दुसऱ्यात ‘दाब तोच ठेवून’ हे. हीटर सरळ भिंतीतील दाबाला जोडलेला असतो. तेथे दुसरे सूत्र लावावे. पुरवठ्याच्या तारेतून जाणारा प्रवाह पुढची मोटार ठरविते. तारेला पहिले सूत्र लावावे. १८४१ मध्ये जूल याने उष्णतेचा नियम मांडला तो या पहिल्या रूपात होता.

येथवर सर्व सुरळीत आहे. आता विहिरीवरील मोटारीकडे वळू, कारण तेथे शाळेत शिकलेला नियम शेतकऱ्याच्या अनुभवाच्या विरुद्ध जातो असे दिसते. पंपाच्या स्टार्टरपाशी पुष्कळदा दोन तबकड्या असतात, एक व्होल्टची व एक अँपिअरची. दाब उतरला की अँपिअरचा काटा वर चढतो, हे प्रत्येक पंपधारकास ठाऊक आहे. ओहमच्या नियमाने दाब कमी तर प्रवाह कमी व्हावयास पाहिजे. मग नियम चुकला की काटा?

दोन्ही बरोबर आहेत. मोटार हा केवळ रोध नव्हे, एवढेच. मोटारीच्या वेटोळ्यांत बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे बाहेरील दाबास विरोध करणारा दाब उत्पन्न होतो, आणि प्रवाहाला मर्यादा पडते ती मुख्यतः त्यामुळे. वेटोळ्याच्या तारेचा स्वतःचा रोध अगदी थोडा, काही ओहमच असतो. शिवाय मोटारीच्या दांड्यावर पंपाचा भार आहे. ठराविक खोलीवरून ठराविक पाणी उचलावयाचे तर जवळजवळ ठराविक शक्ती लागणारच; दाब कमी मिळाला तर मोटार ती भरपाई प्रवाहाने करते. गुणाकार तोच राखावयाचा तर एक अवयव घटल्यावर दुसरा वाढला पाहिजे.

आकडे घेऊन पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३७३० वॅट. ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती झाली. मोटारीची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली तर तारेतून ४३८८ वॅट घ्यावे लागतात. पुरवठा तीन फेजचा असल्याने दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला १.७३२ ने, म्हणजे तीनच्या वर्गमुळाने, गुणावे लागते. आणि प्रत्यावर्ती प्रवाहात दाब व प्रवाह यांच्या लाटा एकाच क्षणी शिखर गाठीत नसल्यामुळे ज्यास पॉवर फॅक्टर किंवा शक्तिगुणक म्हणतात त्या अपूर्णांकानेही गुणावे लागते. तो ०.८५ मानू. दाब ४१५ व्होल्ट असता प्रवाह ७.२ अँपिअर येतो. दाब ३४० वर आला तर तोच प्रवाह ८.८ होतो. वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती जवळजवळ दीडपट होते. दाब ३०० वर उतरला तर उष्णता सुमारे एकोणीस दशांशपट. प्रत्यक्षात मोटारीचा वेग किंचित मंदावतो, कार्यक्षमता व शक्तिगुणकही बदलतात. त्यामुळे हे आकडे अदमासाचे समजावेत, पण दिशा हीच आहे. वेटोळ्यावरील रोगणाचे आवरण या उष्णतेने करपते आणि मोटार ‘जळते’. अपुऱ्या विजेने मोटार जळते, हे जे बोलीत विरोधाभासासारखे वाटते, त्याचे स्पष्टीकरण असे आहे. कमी झाला तो दाब. जाळतो तो वाढलेला प्रवाह.

मोटार सुरू करतानाची स्थिती याहून कठीण. फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे असतो; ३०० व्होल्टला तो ४१५ च्या मानाने निम्म्याच्या आसपास उरतो. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि थांबलेल्या स्थितीत नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेत राहते. ‘मोटार उचलंना’ हे क्रियापद या अवस्थेचे फार अचूक वर्णन आहे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे वेटोळे हेतुपुरस्सर तापविणे होय.

तबकड्यांवरील दोन आकड्यांवरून शक्ती काढण्याची रीत यावरून कळेल. दाब ४०० व्होल्ट व प्रवाह ७.५ अँपिअर दिसत असेल तर १.७३२ गुणिले ४०० गुणिले ७.५ म्हणजे ५१९६ येतात. हे वॅट नव्हेत, व्होल्टअँपिअर होत. त्याला शक्तिगुणक ०.८५ ने गुणले की ४४१७ वॅट, त्यास पुन्हा कार्यक्षमतेने गुणले की ३७५४ वॅट, आणि ७४६ ने भागले की पाच अश्वशक्तीहून किंचित अधिक. मोटारीवरील पट्टीशी हा मेळ बसला तर मोटार व भार दोन्ही ठीक आहेत. याच दोन आकड्यांचा भागाकार करून ‘मोटारीचा रोध ५३ ओहम’ असे म्हणणे मात्र व्यर्थ; तो आकडा कोणत्याही तारेचा रोध नव्हे. प्रत्यावर्ती प्रवाहातील एकंदर अडवणुकीसाठी मराठीत ‘संरोध’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो वेगळा राखण्याचे प्रयोजन अशा वेळी पटते.

आता तार. खांबापासून विहिरीपर्यंत ३०० मीटर अंतर आहे आणि चार चौरस मिलिमीटर छेदाची ॲल्युमिनियमची तार टाकली आहे, असे समजू. ॲल्युमिनियमच्या एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम असतो. त्यास ३०० ने गुणून चारने भागले की प्रत्येक तारेचा रोध २.१ ओहम येतो. प्रवाह ७.२ अँपिअर असता एका तारेत १५ व्होल्ट खर्ची पडतात; तीन फेजच्या हिशेबाने मोटारीपाशी दाब साधारण २२ व्होल्टांनी कमी पोहोचतो. तीन तारांत मिळून ३२७ वॅट नुसती उष्णता होऊन जातात. दहा चौरस मिलिमीटरची तार असती तर रोध ०.८४ ओहम व तोटा १३१ वॅट झाला असता. तांब्याचा रोध ॲल्युमिनियमच्या तीनपंचमांश. पण त्याची किंमत आणि चोरीचे भय दोन्ही अधिक. ज्या दिवशी खांबावरच दाब कमी असेल त्या दिवशी प्रवाह ८.८ होऊन बारीक तारेतील तोटा ४८८ वॅटवर जातो, म्हणजे दाबाची सर्वांत अधिक गरज असते तेव्हाच तार सर्वांत अधिक दाब खाते. साडेसातची मोटार घेण्यापूर्वी तार मोजावी, असे मला सुचवावेसे वाटते. मोटारीच्या किमतीतला फरक पुष्कळदा जाड तारेत घातलेला बरा.

हेच गणित डीपीलाही लागू आहे. ६३ किलोव्होल्टअँपिअरचे रोहित्र प्रत्येकी ५.२ किलोव्होल्टअँपिअर घेणाऱ्या बारा पंपांना पुरते. त्यावर अठरा पंप चालले, काही अधिकृत, काही आकडा टाकून, तर मागणी ९४ च्या जवळ जाते. (तारेवर टाकावयाच्या वाकड्या सळईस ‘आकडा’ म्हणतात आणि संख्येसही; ज्याचा हिशेब कोणत्याही नोंदीत नसतो त्यालाच आकडा म्हणावे, ही भाषेची गंमत आहे.) दाब उतरतो, प्रत्येक मोटार अधिक प्रवाह घेते, त्याने दाब आणखी उतरतो. त्यात एकाने मोठी मोटार बसविली की शेजाऱ्याची मोटार उचलेनाशी होते आणि तोही मोठी घेतो. ‘पावर कमी’ या दोन शब्दांनी सुरू झालेला उपाय अखेर रोहित्राचे तेल उकळवितो, आणि भर उन्हात उसाचे पाणी तोडतो.

दाब उंच राखण्याचे महत्त्व किती, याचे भव्य उदाहरण याच तालुक्यात आहे. एनटीपीसीच्या सोलापूर औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १३२० मेगावॅट. शक्तिगुणक एक धरून एवढी शक्ती ११ हजार व्होल्टांनी वाहून न्यावयाची म्हटली तर प्रवाह सुमारे ६९ हजार अँपिअर होईल. तेवढा प्रवाह नेणारी तार उभारणे अशक्यप्राय. ७ लाख ६५ हजार व्होल्टांना तोच प्रवाह सुमारे एक हजार अँपिअर होतो. प्रवाह सत्तरपट कमी म्हणजे त्याच तारेतील उष्णता ४८०० पटींहून कमी. सोलापूर ते रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडील विद्युत्-जाल उर्वरित देशाच्या जालाशी समकालिक रीतीने जोडले गेले. महावाहिनीवरील हे शहाणपण शेवटच्या ३०० मीटरांत हरवते, एवढेच म्हणावयाचे.

अश्वशक्तीविषयी एक खुलासा राहिला. मोटारीवरील अश्वशक्ती दांड्यावरची असते, मीटर मोजतो ती तारेतली. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर ३० नव्हे, ३५ युनिट नोंदले जातील. मीटर नसलेल्या पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली आहे, आणि २०२४ साली राज्य शासनाने जाहीर केलेली विनामूल्य विजेची योजनाही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे. त्यामुळे पट्टीवर कोरलेल्या त्या शब्दाला आता आर्थिक व कायदेशीर अर्थ चिकटला आहे. पट्टी पाचची आणि आतील वेटोळे साडेसातचे, असा प्रकार असल्यास तो वर दिलेल्या तबकड्यांच्या गणितात तत्काळ उघडा पडतो : चांगल्या दाबाला पूर्ण भारावर सात-साडेसात अँपिअरऐवजी काटा अकराच्या आसपास दिसेल.

दाब सुधारण्याचा एक स्वस्त उपाय म्हणजे योग्य क्षमतेचे धारित्र, ज्यास गावात कंडेन्सर म्हणतात. त्याने शक्तिगुणक ०.८५ वरून ०.९५ वर नेला तर तारेतील प्रवाह ७.२ वरून ६.४ अँपिअरवर येतो आणि तारेतील तोटा पाचव्या हिश्शाने घटतो. ते मोटारीजवळ बसवावे; खांबाजवळ बसविल्यास विहिरीपर्यंतच्या तारेला त्याचा काहीच लाभ होत नाही.